रानातल्या शिबिरातून जंगलाची बाजू मांडणारी मुलं घडतात का?

प्रश्न: डिचोलीची शिक्षिका
आमच्या उच्च माध्यमिकच्या मुलामुलींना दिवाळी झाल्या झाल्या तीन दिवस गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीकाठच्या रानात न्यायचं मनात आहे. परत आल्यावर यातली चार तरी मुलं जंगलासाठी उभी राहून बोलली पाहिजेत, एवढीच माझी इच्छा. एरवीच्या शिबिरांत धबधबा होतो, फोटो होतात, शेवटच्या रात्री शपथ होते आणि सोमवारी सगळं विसरलेलं असतं. नेमकं काय बदलू? पालकांना माकडतापाची काळजी आहे, तेही कुणीतरी सांगा.

उत्तर: सत्तरीकर
बाई, शपथ काढा आणि तिथे कागद-पेन ठेवा. मी इथलाच, मुलांचे गट रानात नेतो. रान सगळ्यांनाच आवडतं, त्यात विशेष काही नाही. बाजू मांडायची तर कुठे, कधी, काय पाहिलं हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

पहिल्या दिवशी लांब चालवू नका. गावकऱ्यांना विचारून बांबर गावच्या निरंकाराच्या देवराईत न्या आणि तासभर एकाच जागी थांबवा. रानटी जायफळाच्या कुळातली झाडं आहेत ती. चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं दिसतील. पाणथळ चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. एवढं कळलं की 'हे पाणीच आटलं तर?' हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. मग म्हादईचं पाणी कर्नाटकाकडे वळवण्याचा वाद त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरा दिवस गावात घालवा, आणि हा दिवस अजिबात गाळू नका. १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झालं तेव्हा माणसांची घरं, काजू, कुळागरं (सुपारीच्या बागा) आत आली. जानेवारी २०२० मध्ये इथल्याच गोळावली गावात वाघिणीसकट चार वाघ मेलेले सापडले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत इथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असं सांगितलं, तर गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावात यावर दोन्ही बाजूंची माणसं आहेत, दोघांच्याही ओसरीवर मुलांना बसवा. ज्याने फक्त वाघाची बाजू ऐकली आहे, तो ग्रामसभेत 'मग आमच्या काजूचं काय?' या पहिल्याच प्रश्नाला गप्प होतो. वाघामुळे गुरं गेलेल्या माणसाचं दुःख ज्याने ऐकलं, त्याचं बोलणं लोक ऐकून घेतात.

तिसऱ्या दिवशी लिहायला बसवा. गोव्यातल्याच मोलेच्या जंगलाचं उदाहरण द्या. २०२० साली रेल्वेचं दुपदरीकरण, ४०० केव्हीची वीजवाहिनी आणि महामार्गाचं रुंदीकरण असे तीन प्रकल्प एकदम आले. त्या नोव्हेंबरात दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात लोक रात्री रुळांवर उतरले, ते हवंच होतं. पण त्याच्या जोडीला अभ्यासकांनी आणि कॉलेजच्या मुलांनी कागद तयार केले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने रेल्वेला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

प्रकल्पावर 'जंगल वाचवा' एवढंच लिहून दिलेली हरकत फायलीत पडून राहते. 'अमुक वाड्यामागचा ओहोळ, अमुक तारीख, पाणी घोट्यापर्यंत, वरच्या फांदीवर शेकरूचं (मोठ्या खारीचं) घरटं, सोबत फोटो' असं लिहिलं की ती बाजूला सारणं जड जातं. प्रत्येकाकडून असं एक पान मराठीत किंवा कोकणीत लिहून घ्या आणि गटापुढे उभं राहून वाचायला लावा. वाचताना आवाज कापतो. कापू दे, तिथेच कापलेला बरा.

उत्तर: आरोग्यसेविका, वाळपईजवळ
माकडताप गोचिडीमुळे होतो. सत्तरीत २०१५ पासून रुग्ण आढळले आहेत. डिसेंबर ते मे हा जास्त जपायचा काळ, त्यामुळे तुमचे दिवस बरे आहेत. तरीही पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट हवीच. पाचोळ्यावर बसू देऊ नका, संध्याकाळी अंग तपासून घ्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. घरी गेल्यावर ताप आलाच तर 'रानात गेलो होतो' हे डॉक्टरांना आधी सांगायचं, हे पालकांच्या पत्रात ठळक छापा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. एक शंका: ग्रामसभा, हरकत म्हटलं की संस्थेला राजकारण वाटेल. काय सांगू?

सत्तरीकर
मुलांनी काय मत द्यायचं ते तुम्ही सांगूच नका, म्हणजे संस्थेपुढे ठामपणे बोलता येईल. एखाद्याने 'व्याघ्र प्रकल्प नको' लिहिलं आणि कारणं पाहिलेली दिली, तर तेही पान तितक्याच मानाने वाचू द्या. आपल्या पंचायतीत काय चाललंय हे विचारणं नागरिकशास्त्रातच येतं. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, तो अर्ज मात्र आताच टाका. मुलांची यादी जोडा आणि येण्याचा हेतू 'अभ्यास' असा स्पष्ट लिहा. गावातल्या भेटींचं मी ठरवून देतो.