काचेला जातो तो तडा, की चीर? आणि त्याला फुटतं ते काय?

रंकाळाकाठ: अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. काचेतून वेगानं धावणाऱ्या 'क्रॅक'ला काय म्हणू? तडा, चीर, भेग? ठरावीक वेगानंतर त्याचे दोन होतात, त्याला 'शाखन' लिहिलंय. वाचून मलाच कसनुसं होतं.

काचकाम, शाहूपुरी: हिरकणीनं (काच कापायच्या हिऱ्याच्या टोकानं) रेघ ओढली की चीर. जरा दाबलं की रेघेवरनं सरळ सुटते. हातातनं सटकून तडकली तर तडा. भेगा टाचेला, नाहीतर वळवाच्या आधी रानाला. काचेला भेग पडली म्हणणारं गिऱ्हाईक अजून भेटायचंय. आणि भेग पडते, तडा *जातो*.

रंकाळाकाठ: 'जातो'नं काम झालं! काचेत तो सेकंदाला दीड हजार मीटरच्या घरात जातो. हिशेबानं त्याची कमाल म्हणजे पृष्ठभागावरच्या रॅले लहरीचा वेग, पण प्रत्यक्षात तो त्याच्या बराच अलीकडे राहतो. 1991 मध्ये टेक्सासात भौतिकशास्त्रज्ञ फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ॲक्रिलिकच्या पत्र्यात मोजलं. रॅले वेगाच्या 36 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरला, तड्याचा वेग खालीवर व्हायला लागतो आणि बाजूला बारीक फुटवे निघतात. जादा ऊर्जा पळण्यात न जाता नवे पृष्ठभाग उघडण्यात खर्ची पडते.

काचकाम, शाहूपुरी: जाड काचेचा फुटका तुकडा हातात घेऊन कड बघा (हातमोजा घालून, भावा). एका जागी आरशासारखी गुळगुळीत, पुढं धुरकट, त्यापुढं खरबरीत. आरसा दिसेल तिथनं तडा सुटला.

पेठेतली: शाखा झाडाची, वाढायला वर्षं लागतात. इथं 'फाटा' घ्या, आपल्या सांगली फाट्यासारखा.

रंकाळाकाठ: पण 'फाटे फोडणं' म्हणजे उगाच वाद वाढवणं ना?

पेठेतली: फाटे *फोडतो* माणूस. तड्याला फाटे *फुटतात*. तिथं कुणाची खोडी नाही. आणि एकाचे दोन होतात त्या जागेला तिकटी म्हणा. कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या चौकात उभं राहिलेल्याला आकृती काढून दाखवायला नको.

रंकाळाकाठ: तडा, फाटा, तिकटी. घेतले तिन्ही. 'शाखन' खोडलं.

काचकाम, शाहूपुरी: टफन काचेला काय लिहिणार? पोटात ताण भरलेलाच असतो, कोपऱ्याला ठोका बसला की फाट्याला फाटे फुटून सगळी एका दमात खडीसाखर. आम्ही तिला 'तडा गेला' म्हणत नाही, 'बसली' म्हणतो.