दोन कारसीट, सासूबाई आणि मागची सीट: गाडी कोणती घ्यावी?

डिचोलीची_आई
नमस्कार, गाडी बदलायचीय आणि विचार करून करून डोकं पिकलंय म्हणून इथे विचारते. आम्ही पाच जण, मी, हे, सासूबाई, मोठी चार वर्षांची (16 किलो) आणि धाकटा 7 महिन्यांचा. आत्ताची हॅचबॅक जुनी आहे, मागे मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा, आयसोफिक्स (कारसीट गाडीला थेट अडकवायचे लोखंडी हुक) नाहीच. रोजचं डिचोली-पणजी आणि महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाटातून बेळगावला माहेरी. आत्तापर्यंत बाळ सासूबाईंच्या मांडीवरच असायचं. परवा घाटात वळणावर समोरून ट्रक आला, ह्यांनी कचकन ब्रेक मारला आणि बाळाचं डोकं पुढच्या सीटला जाऊन आपटलं, सुदैवाने काही लागलं नाही पण त्या दिवसापासून मला झोप नाही. आता दोन कारसीट आणि सासूबाई एकाच सीटवर मावतील अशी गाडी हवी, बजेट 14 लाख ऑन रोड. आणि एका शोरूममधला मुलगा म्हणाला छोट्याची सीट पुढे ड्रायव्हरशेजारी लावा, लक्ष राहतं. हे बरोबर आहे का हो?

फोंडेकर_बाबा
ताई, अजिबात नको!! पुढे एअरबॅग असते. उलट्या तोंडाच्या सीटची (म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला) पाठ थेट डॅशबोर्डजवळ येते आणि एअरबॅग फुटली की त्या पाठीवरच आदळते, तिच्या पलीकडे तुमच्या बाळाचं डोकं. एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट पुढे कधीच लावायची नाही, सन व्हायजरवर तसं स्टिकरही असतं बघा.
आणि बाळाला उलटंच ठेवा, नातेवाईक कितीही म्हणोत की पाय दुमडतात. ह्या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी, उलटं बसलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. युरोपच्या कारसीटच्या आर129 नियमात निदान 15 महिन्यांपर्यंत उलटं सक्तीचं आहे, सीटची मर्यादा असेल तोवर पुढेही चालू ठेवा.
मांडीचं म्हणाल तर 50 च्या स्पीडला गाडी कशावर आदळून अर्ध्या मीटरात थांबली तर 9 किलोच्या बाळाची ओढ पावणेदोनशे किलोच्या आसपास होते. कुठल्याच आजीच्या हातांना ते धरवणार नाही, ह्यात सासूबाईंचा काडीचा दोष नाही.

म्हापशाची_मेघा
अगं मी दोन वर्षांपूर्वी ह्याच चक्रातून गेलेय. गाडी आधी ठरवू नकोस, सीट आधी घे आणि दोन्ही सीट आणि सासूबाई सगळ्यांना घेऊन शोरूमला जा. ब्रोशरमधली रुंदी बाहेरची असते, ब्रेझा 1790 मिमी आणि थ्रीएक्सओ 1821 मिमी हे वाचून मीही खूश झाले होते, पण दोन सीट लावल्यावर मध्ये काय उरतं ते टेप लावल्याशिवाय कळत नाही. शिवाय पाच सीटरला आयसोफिक्स बहुतेक कडेच्या दोनच जागांना असतो, म्हणजे मोठं माणूस मध्येच अडकणार आणि पट्ट्याचं बक्कल कारसीटच्या खाली गाडलं जाणार.
तिसरी रांग असलेली गाडी बघायची तर मधला बाक अखंड असलेली नको. बाकावर दोन सीट लागल्या की मागे जायला वाटच राहत नाही, दर वेळी एक सीट काढा न् लावा. सुट्या दोन खुर्च्यांची सहा सीटर बघ, मधल्या फटीतून मागे जाता येतं. एक्सएल सिक्स तशीच येते, कॅरेन्सच्या काही व्हेरियंटला तो पर्याय असतो. पण तिसऱ्या रांगेत तुला बसावं लागेल, सासूबाई पुढे.
क्रॅश टेस्टचे स्टार बघताना मुलांचे वेगळे बघ. भारत एनकॅपमध्ये (आपल्याकडची क्रॅश टेस्ट) मुलांचे गुण 49 पैकी असतात, दीड आणि तीन वर्षांच्या मुलाच्या बाहुल्या ठेवून 64 च्या स्पीडला धडकवतात. मी तर सेल्समनकडे आधी तेच विचारायची.

गॅरेजवाला_पर्वरी
गाडी कुठलीही घ्या ताई, लावणं नीट झालं नाही तर सगळं फुकट. माझ्याकडे येतात त्यातल्या कितीतरी सीट हाताने हलवल्या की डुगडुगतात. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत पकडून बघा, घडी आली तर सैल आहे. उलट्या सीटला पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून, सरळ सीटला खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वरून. मोठीची सीट सरळ तोंडाची असेल तर मागचा वरचा टॉप टेदर (सीटची वरची बाजू गाडीला बांधणारा पट्टा) विसरू नका, तो हुक लोक डिकीत लोंबकळत ठेवतात. छोट्याच्या सीटला जमिनीवर टेकायचा पाय असेल तर खाली सामान ठेवायच्या खणाचं झाकण नाही ना बघा, झाकणावर तो पाय ठेवायचा नाही.
छोट्याला डाव्या बाजूला लावा, रस्त्याच्या कडेने चढवता येतं, पावसात तर फार बरं पडतं.

साखळीकर
कायद्याचं पण सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194बी, 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा कारसीटशिवाय असेल तर 1000 रुपये दंड. घरच्यांना समजावताना हे कामाला येतं, माझ्या आईला तेवढंच पटलं.

डिचोलीची_आई
सगळ्यांना देव बरें करूं. रविवारी दोन्ही सीट आणि सासूबाईंना घेऊन गेले. पाच सीटरमध्ये दोन्ही लावल्यावर मध्ये टेप लावली तर 24 सेंमी, सासूबाई एका बाजूला कलून बसल्या आणि बक्कल शेवटपर्यंत लागलंच नाही. मग सहा सीटर काढायला लावली. छोटा डावीकडे उलटा, मोठी ड्रायव्हरच्या मागे, सासूबाई पुढे (छोट्याच्या सीटमुळे त्यांची सीट चार बोटं पुढे घ्यावी लागली पण गुडघे नीट मावले) आणि मी मागे. टेस्ट ड्राइव्हला म्हापशाहून निघालो तेव्हा छोट्याने दहा मिनिटं आकांत केला, सासूबाई दोनदा म्हणाल्या काढ गो त्याला, माझ्याकडे दे. मी नाही काढला. मागून त्याच्या सीटवर वाकून बोलत राहिले, मला बघून हळूहळू शांत झाला आणि अस्नोडा यायच्या आत झोपला. सासूबाई मागे वळून बघत म्हणाल्या, मांडीवर एवढा वेळ कधी झोपत नाही हा.
आता एकच विचारायचंय, उन्हात गाडी उभी राहिली की बक्कलचं लोखंड केवढं तापतं, त्यावर काय झाकता तुम्ही?