सल्ला हवा: रविवारी चर्चची सेवा, शनिवारी क्लब, मधूनमधून मित्रांची गावं. ७४ सालची पद्मिनी गाडी वर्षभर पुरेल का?

पद्मिनीवाला:
सलाम. यंदा निवृत्त झालो. चर्चच्या कमिटीने वर्षभराचं काम दिलंय: पुण्याच्या नाना पेठ, गुरुवार पेठेतल्या वयस्कर मंडळींना रविवारी उपासनेला आणायचं आणि घरी पोचवायचं. डिसेंबरात कॅरलच्या (नाताळच्या गाण्यांच्या) पथकाची ने-आणही माझ्याकडे. जुन्या गाड्यांचा आमचा क्लब शनिवारी पहाटे निघतो. शिवाय नगर, सातारा, मिरजेचे मित्र. नोकरीत त्यांच्याकडे जाणं राहूनच गेलं. गाडी वडिलांची, १९७४ची. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, बॅटरी चार्ज करायला अजून डायनॅमोच, उन्हाळ्यात तापते. बजेट ४० हजार. आधी कुठे खर्च करू? विकायची नाही.

कोथरूडकर:
४० हजारांत काय होतंय? तीन लाखांत सीएनजीवाली जुनी वॅगन आर मिळते. मी घेतली, एक दिवस त्रास नाही. सीट उंच, आजीआजोबांना वाकावं लागत नाही.

घाटवाट:
वॅगन आर कशाला, सरळ इनोव्हा बघा. वॉकरसुद्धा मागे मावतो. आमच्याकडे पहिल्या मॉडेलपासून इनोव्हाच आहे.

बुधवारचा_बाजार:
विकायची नाही असं लिहिलंय, वाचा की जरा. दादा, पैसे आधी ब्रेकला. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज, नवं ब्रेक ऑइल, ब्रेक-शूंना नवं लायनिंग (घासणारा थर). सामान नाना पेठेत बघा. जुन्या बाजारात हँडल, काचा, पट्ट्या शोधा, पण ब्रेकचं काही तिथून उचलू नका. बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तुमचा रविवार चर्चचा, म्हणजे बुधवार.

कात्रजचा_चढ:
ब्रेक ठीक, पण पेट्रोलचं कुणी बोलतच नाही! आता २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. माझ्या फियाटचा पाइप चढावरच गळायला लागला, बॉनेटखाली पेट्रोलचा वास. सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) बदला. गाडी महिनाभर उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

कॅम्पातला_काका:
५० वर्षं झाली ना? मग व्हिंटेज नोंदणी करा. फी २० हजार, १० वर्षं चिंता नाही. व्हीए अक्षरांची पाटी लागली की रॅलीत लोक आधी तुमच्याकडे वळतात. माझ्याकडे वळतात.

नियम_वाचा:
काकांचं ऐकण्याआधी थांबा. २०२१च्या नियमांत अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारची ने-आण त्यात बसत नाही. नेहमीची पाच वर्षांची फेरनोंदणीच करत राहा.

कॅम्पातला_काका:
आमच्याकडे कुणी कधी अडवलं नाही.

नियम_वाचा:
अपघात झाला तर विमा कंपनी विचारेल, आणि मागच्या सीटवर पंच्याऐंशीच्या आजी असतील.

कोथरूडकर:
म्हणूनच म्हणतो, वॅगन आर.

सुनंदा_रास्तापेठ:
दादा, माझ्या सासूबाई अशाच एका गाडीतून चर्चला जायच्या. पद्मिनीची सीट खोल आहे, उठताना गुडघे साथ देत नाहीत. पक्की उशी टाका आणि लाकडी पाट ठेवा, उतरताना पायाखाली. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकीला फोन करून वेळ सांगा. सासूबाई सकाळी सातपासून पदर सावरून दारात बसायच्या. दहा मिनिटं उशीर झाला तरी आपल्याला विसरले असं त्यांना वाटायचं.

मिरजेचा_जावई:
सुनंदाताईंशी सहमत. आणि ब्रेक आधी, हेही खरं. पण मिरजेला रेल्वेनेच या. खंबाटकी घाटाच्या चढावर ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये रांगलात की पद्मिनी उकळणारच.

घाटवाट:
मिरजेला रेल्वेच.

बुधवारचा_बाजार:
मीही रेल्वेच म्हणेन.

पद्मिनीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रेक, पेट्रोलचे पाइप आणि रेडिएटरची सफाई एवढं याच महिन्यात करतो. पैसे उरले तर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. कॅरलच्या रात्री दिवे मंद नकोत. पाट आणि उशी आजच काढून ठेवली. ताई, फोनचं तुम्ही सांगितलंत ते सगळ्यात मोलाचं. व्हिंटेज नंबर घेत नाही, दुसरी गाडीही नाही.

मिरजेला मात्र पद्मिनीनेच जाणार. तो मित्र आणि मी याच गाडीवर शिकलो, आता त्याला पुण्याला येववत नाही. जानेवारीत पहाटे निघेन आणि ऊन चढायच्या आत खंबाटकी ओलांडेन. लायनिंगचं काम हाताने नीट करणारा कारागीर नाना पेठेत कुठल्या गल्लीत आहे, तेवढं कुणीतरी सांगा.