मदत हवी आहे: 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' हा दुसरा आजार आहे का?

काळीमाती: आप्पांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे हे कळलं, पण पुढे 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' लिहिलंय. गाठीच्या आजूबाजूचं मांस तर चांगलं असतं ना? मग त्याचं नाव रिपोर्टात कशाला? लवकर सांगा, गूगल करा म्हणू नका.

तापीकाठ: कॅन्सर कशाचा ते तर लिहा भाऊ.

काळीमाती: जठराचा. जेवण जात नाही म्हटल्यावर दुसरं काय असणार?

तापीकाठ: जेवण जात नाही हे आत्ता सांगताय.

रावेरचा_केळीवाला: तिखट बंद करा आधी. आपली मिरची न् तेलच नडतं.

अहिराणी_पोऱ्या: भरीतले कशाले बदनाम करस भाऊ?

तापीकाठ: मिरची सोडा. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू १९९४ पासून कर्करोगकारकांच्या यादीत आहे.

लॅबवाली_ताई: दुसरा आजार नाही. स्ट्रोमा म्हणजे गाठीच्या पेशींभोवतीचं जाळं: तंतू बनवणारे फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, संरक्षक पेशी. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतात. त्याने फायब्रोब्लास्ट जखम भरताना लागतात तसे कामाला लागतात, फक्त थांबत नाहीत. कोलॅजनचे तंतू साचतात, यालाच 'डेस्मोप्लास्टिक' म्हणतात, जठराची भिंत कडक होते. वर हेच फायब्रोब्लास्ट गाठीला वाढीची रसायनं पुरवतात. मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशीही बऱ्याचदा गाठीलाच सामील होतात. शेजार 'चांगला' राहत नाही तो असा. 'सिग्नेट रिंग', म्हणजे अंगठीसारख्या दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी, असं लिहिलंय का?

काळीमाती: हो, लिहिलंय! पण पहिल्यांदा दुर्बीण टाकली तेव्हा तुकड्यात काहीच नव्हतं. मग खरं कुठलं?

लॅबवाली_ताई: या प्रकारात पेशी अस्तराखाली विखरून पसरतात आणि चिमट्यात वरवरचा तुकडा येतो. पहिली बायोप्सी कोरी येऊ शकते.

भुसावळ_जंक्शन: मग ते तंतूच विरघळवा ना! औषध आत शिरेल. मी वाचलंय.

लॅबवाली_ताई: स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये उंदरांवर करून पाहिलंय, २०१४ मध्ये छापून आलं. फायब्रोब्लास्ट कमी केल्यावर गाठी उलट जास्त आक्रमक झाल्या.

भुसावळ_जंक्शन: उंदराचं माणसाला कशाला लावता?

तापीकाठ: तुम्ही वाचलेलं कशावर होतं?

रावेरचा_केळीवाला: परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायचं तर दादरला उतरा, कुर्ल्याला नको.

लॅबवाली_ताई: काळीमाती, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) आणि एमएमआर (पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं) तपासणी झाली का? औषध ठरवताना ती बघतात, 'डेस्मोप्लास्टिक' हा शब्द नाही. दुसरीकडे दाखवणार असाल तर स्लाइडसोबत ब्लॉकही मागून घ्या.

काळीमाती: हर-टूपुढे 'प्रलंबित' लिहिलंय. ब्लॉक म्हणजे काय ताई? लॅब पाचला बंद होते.

लॅबवाली_ताई: मेणात बसवलेला तुकडा. आत्ताच फोन करा.