वाघ आणि तपकिरी अस्वल : जंगलात गाठ पडते तेव्हा नेमके काय होते?

परळची_अरुंधती
गेल्या रविवारी मुलीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. अस्वलासमोरच्या काचेला हात टेकवून ती बराच वेळ त्याची लांब, वाकडी नखे पाहत उभी राहिली आणि परतताना तिने विचारले, की वाघ आणि मोठे तपकिरी अस्वल समोरासमोर आले तर कोण जिंकते. इंटरनेटवर शोधल्यावर वजनांचे तक्ते आणि त्याखालची भांडणे एवढेच हाती लागले. ती सातवीत आहे. तिला ऐकीव उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. हे दोन प्राणी एकाच जंगलात खरोखर कुठे राहतात, आणि त्यांच्यात संघर्ष होतो तो कशावरून?

माग_काढणारा
अरुंधतीताई, याचे उत्तर रशियाच्या अतिपूर्वेकडील सिखोते-आलिन डोंगररांगांत आहे. तिथे १९३५ साली राखीव जंगल झाले आणि १९९२ पासून वाघांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा अभ्यास सुरू झाला. मात्र झुंज डोळ्यांनी पाहण्याची संधी फार क्वचित मिळते. अभ्यासकांना बर्फ वाचावा लागतो : मारलेल्या हरणाभोवती तुडवलेला बर्फ, तिथून झाडीत गेलेली फरफटीची रेघ, त्या रेघेवर नंतर उमटलेली अस्वलाची रुंद पावले, आणि पुढे कुठे रक्त किंवा केसांचे पुंजके सापडतात का याचा शोध. वाघाच्या विष्ठेतील केस तपासूनही त्याने अस्वल खाल्ले होते का, हे कळते.

यावरून दिसते ते असे, की संघर्षाचे मूळ बहुतेक वेळा मांसात असते. वाघाने मारलेल्या लाल हरणाचा किंवा रानडुकराचा वास लागला, की अस्वल तिथे येते. काही अस्वले तर वाघाच्या पावलांमागे चालत राहून त्याच्या शिकारीवर गुजराण करतात. दुसऱ्या बाजूने वाघही अस्वलाची शिकार करतो, परंतु तो दबा धरून मारणारा प्राणी असल्यामुळे सहसा मादी, तरुण किंवा बिळात झोपलेले अस्वल निवडतो आणि मानेचा चावा घेतो. तिथल्या जंगली नर वाघाचे सरासरी वजन १७६ किलोच्या आसपास भरते आणि पूर्ण वाढलेला नर अस्वल त्याहून बराच जड असतो, त्यामुळे अशा नराच्या वाटेला वाघ सहसा जात नाही. अस्वलांनी वाघांना मारून खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून कोण जिंकते यापेक्षा कोणी कोणाला, कुठे आणि कशासाठी गाठले, हे आधी विचारावे, असे मला मनापासून वाटते.

बोरिवलीचा_वाटसरू
थोडी भर घालतो. राणीच्या बागेतील अस्वल वेगळ्या जातीचे, वाळवी आणि मध खाणारे आहे. ती नखे वारूळ फोडण्यासाठी असतात. भारतातील तपकिरी अस्वले हिमालयात, वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांत राहतात आणि आपले वाघ मुख्यतः त्याच्या बरेच खाली, त्यामुळे इथे त्यांची गाठ जवळजवळ पडतच नाही. आपल्या महाराष्ट्रात मात्र ताडोबात २०१८ साली पाणवठ्यावर पिल्लासह आलेली त्याच वाळवी खाणाऱ्या जातीची अस्वल मादी थेट वाघाला भिडली होती. वाघाने तिला काही वेळ जमिनीवर दाबून धरले, तरी शेवटी दोघेही जिवंत राहून वेगळे झाले. ते चित्रीकरण मुलीला दाखवणार असाल तर आधी आपण पाहून घ्यावे, कारण तो ओरडा ऐकवत नाही.

परळची_अरुंधती
दोघांचेही मनापासून आभार. मुलीची एक शंका उरली आहे. अस्वले हिवाळाभर झोपतात, मग बर्फात वाघाच्या मागे चालणारे अस्वल कुठून येते?

माग_काढणारा
शंका अगदी नेमकी आहे. काही गाठी अस्वले झोपी जाण्याआधी शरदाच्या अखेरीस किंवा ती जागी झाल्यावर वसंताच्या सुरुवातीला पडतात, तेव्हाही जमिनीवर बर्फ असतो. परंतु काही अस्वले झोपतच नाहीत. तिथे कोरियन पाइन नावाचे झाड आहे. त्याच्या शंकूंतील बिया आणि ओकची फळे खाऊन अस्वले शरदात चरबी साठवतात. ज्या वर्षी दोन्ही झाडांना फळ धरत नाही, त्या वर्षी पुरेशी चरबी न साठलेले अस्वल झोपू शकत नाही आणि भर थंडीत भटकत राहते. अशा अस्वलाला रशियन लोक ‘शातून’ म्हणतात आणि त्याची फार धास्ती घेतात. त्याच बियांवर रानडुकरेही जगत असल्याने ती रोडावतात, आणि रानडुकरे कमी झाली की वाघ अस्वलांकडे अधिक वळतो. म्हणजे दोघांच्याही पोटात भूक असते ती एकाच हिवाळ्यात. मुलीला चित्र काढायचे असेल तर वाघ आणि अस्वल यांच्या मागे ते पाइनचे झाड, शंकूंशिवायचे, जरूर काढायला सांगा.