शब्दचर्चा: 'फ्लेम रिटार्डंट' म्हणजे ज्वालारोधक का?

प्रश्न: इपॉक्सी रेझिनच्या गोदामात लावायचं सुरक्षापत्रक मराठीत करतेय. 'टेट्राब्रोमोबिसफिनॉल अ – ज्वालारोधक' असं लिहिलंय. 'जीवनसत्त्व अ' चालतं, म्हणून 'अ'. बरोबर आहे ना?

उत्तर: ज्वालारोधक नको. जलरोधक घड्याळात पाणी शिरत नाही. तसं ज्वालारोधक वाचलं की माणूस म्हणणार, हे काही पेटायचं नाही. 'रिटार्ड'च्या मुळाशी लॅटिन 'टार्डुस' आहे, म्हणजे मंद. 'ज्वालामंदक' म्हणा. एखादा जुना सर्किट बोर्ड हातात घ्या, बऱ्याचदा हिरव्या पाटीच्या कडेला बारीक अक्षरांत '९४व्ही-०' छापलेलं दिसेल, ती आगीच्या चाचणीची खूण. त्या चाचणीत उभ्या पट्टीला खालून ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर पट्टी १० सेकंदांत विझली पाहिजे आणि पेटते थेंब पडता कामा नयेत. म्हणजे पट्टी पेटते हे धरूनच चाललेत! पाटी तापली की ज्वालामंदकातला ब्रोमीन सुटतो, हायड्रोजन ब्रोमाइड होऊन ज्योतीत शिरतो आणि आग पुढे नेणारे हायड्रोजन व हायड्रॉक्सिलचे मुक्त मूलक, म्हणजे झटकन क्रिया करणारे तुकडे, टिपतो. आगीचा पाय मागे ओढतो म्हणा ना.

दुसरं उत्तर: पण मंदक तर अणुभट्टीतला. शाळेत ग्राफाइट, जड पाणी शिकलो ते.

पहिलं उत्तर देणारे: तिथे तो न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, इथे आगीचा. एकाच घरातले शब्द आहेत, भांडण कुठंय?

तिसरं उत्तर: 'अ' मात्र काढाच. जीवनसत्त्वांत अ, ब, क अशी ओळ आहे, इथे तसं काही नाही. फिनॉलचे दोन रेणू ॲसिटोनशी जोडून बिसफिनॉल होतो, त्या ॲसिटोनच्या आद्याक्षराचा हा 'ए'. बिसफिनॉल एसमधला 'एस' असाच सल्फोनचा. 'टेट्रा' म्हणजे चार ब्रोमीन. वजनाने ५८ टक्क्यांहून जास्त भाग त्यांचाच. (ब्रोमीनचं नाव ग्रीक 'ब्रोमॉस'वरून, म्हणजे दुर्गंध. ज्याने वास घेतलाय त्याला व्युत्पत्ती सांगावी लागत नाही.)

चौथं उत्तर: नावांवरून निघालंच आहे तर सांगतो, पत्रकात नुसतं व्यापारी नाव ठेवू नका. १९७३, अमेरिकेतलं मिशिगन. एकाच कारखान्यात दोन माल: 'फायरमास्टर' हा ब्रोमीनयुक्त ज्वालामंदक, पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल, आणि 'न्यूट्रिमास्टर', गुरांच्या खाद्यात घालायचा मॅग्नेशियम ऑक्साइड. पोत्यांची अदलाबदल झाली आणि ज्वालामंदक गुरांच्या पोटात गेला. सुमारे ३०,००० गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ब्रँडशेजारी रसायनाचं नाव मोठ्या अक्षरांत हवंच.

प्रश्नकर्ती: 'टेट्राब्रोमोबिसफिनॉल ए – ज्वालामंदक' केलं. शेजारी 'एफआर' (फ्लेम रिटार्डंटचं लघुरूप) हेही ठेवलंय. गोदामात सगळे तेच म्हणतात, "एफआरची पोती तिकडे लाव."