उन्हाळ्यात सायकलिंगची मजाच गेली, काय करू? (रोड बाइक, 40-50 किमी)

रविवारचा_स्वार
मंडळी, हिवाळाभर आठवड्यातून दोन-तीनदा 40 ते 50 किलोमीटर सायकल चालवली. रोड बाइक आहे, 28 मिमीचे टायर. शर्यतीची हौस नाही, चाळिशी उलटली आहे, मोकळ्या रस्त्यावर दोन तास कुणी हाक मारत नाही एवढंच सुख पुरतं. पण ऊन तापायला लागल्यापासून तोच रस्ता वैऱ्यासारखा वागतोय. सरासरी वेग 25 वरून 22 वर आला, नेहमीच्या चढावर हार्ट रेट दहा ठोक्यांनी जास्त दिसतो, आणि घरी आल्यावर दिवसभर डोकं जड. घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) आहे, पण भिंतीकडे बघत घाम गाळायचा असेल तर मी झोपूनच राहीन.

किती वाजता निघावं, पाणी किती न्यावं, कपडे कसले घालावेत? आणि टायरमध्ये हवा कमी भरावी का? उन्हात टायर फुटतात असं एकाने ठासून सांगितलंय. मुख्य म्हणजे, हिवाळ्यात कमावलेला दम गेला का माझा?

मागचं_चाक
दम कुठेही गेलेला नाही. दर वर्षी या दिवसांत हाच प्रश्न येतो आणि विचारणारा दर वेळी तुमच्याइतकाच हिरमुसलेला असतो.

सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम पाव पायडलपर्यंत पोचते, बाकीची नुसती उष्णता. म्हणजे पायडलवर 120 वॉट पडत असतील तर 350 वॉटच्या वर उष्णता अंगातून बाहेर काढायची असते. थंडीत ते काम वारा फुकटात करतो. आता ते करायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, पायांना तर ते हवंच असतं, घामामुळे ते थोडं कमीही झालेलं असतं. मग हृदयाकडे एकच उपाय उरतो, जास्त वेळा धडधडणं. तुमचे ते दहा ठोके हेच आहेत.

चांगली बातमी अशी की शरीर हे शिकतं. रोज किंवा दिवसाआड तासभर सोसवेल इतक्या उन्हात हळू चालवा, दहा ते चौदा दिवसांत फरक कळेल. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. मात्र हे दोन आठवडे वेगाकडे बघायचं नाही. मी तर उन्हाळ्यात हँडलवरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून सरासरी वेगाचा रकानाच काढून टाकतो. हार्ट रेट ठेवतो, आणि तो ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की गिअर हलका करतो. आजी चालत पुढे गेली तरी चालेल.

उतारप्रेमी
आजी पुढे गेली तर तिच्या मागे मागे चालवायचं, वारा कमी लागतो. 😀

टायरबद्दल मी सांगतो. हवा तापली की दाब वाढतो हे खरं, पण किती वाढतो ते बघा. 25 अंशांना 80 पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) भरलेला टायर तापून 45 अंशांवर गेला तर दाब साधारण 86 होईल. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याला तुम्ही आधीच टेकला नसाल तर सहा पीएसआयने काहीही बिघडत नाही. 28 मिमीला 80 सुद्धा बहुतेकांना जास्तच होतं, पण तो वेगळा धागा आहे. उन्हात टायर फुटल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात त्यांत बहुधा टायर तरी जुना असतो, नाहीतर बाजूने चिरलेला. खरा धोका लांब उतारावर रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्याला, म्हणजे रिमला, घासणारा ब्रेक) सतत दाबून ठेवण्यात आहे, तिथे रिमच तापते. ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि सायकल बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

उन्हाळ्यात मी घाबरतो ते डांबराला. 14 जुलै 2003 ला टूर द फ्रान्समध्ये गॅप शहराकडे उतरताना होसेबा बेलोकी वितळलेल्या डांबरावर घसरला, मांडीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या आर्मस्ट्राँगला रस्ता उरला नाही, तो सायकल घेऊन थेट शेतात घुसला आणि शेत ओलांडून खालच्या वळणावर पुन्हा रस्त्याला लागला. काळं, ओलं दिसणारं, चकाकणारं डांबर वळणावर दिसलं की सायकल सरळ ठेवा, वळणाच्या आधीच वेग कमी करा. पाण्यासारखंच समजायचं ते.

घंटी_वाजवा
मी पहाटवाली. हवा सगळ्यात थंड असते ती सूर्योदयाच्या आसपास, तेव्हा मी रस्त्यावर असते आणि ऊन चढायच्या आत घरी. संध्याकाळ फसवी असते. सूर्य उतरलेला दिसतो, पण रस्त्याने दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन तो तुमच्या पोटऱ्यांवर परत करत असतो. मागे-पुढे दिवा मात्र लावाच, पहाटे गाडीवाले अर्धे झोपेत असतात.

तयारी रात्रीच. बाटल्या, कपडे, हवा, सगळं. सकाळी फक्त उठायचं आणि निघायचं, नाहीतर मोजे शोधण्यात तो थंड अर्धा तास हातचा जातो. दोन बाटल्यांपैकी एक मी अर्धी भरून आडवी फ्रीझरमध्ये ठेवते आणि निघताना वरून पाणी ओतते. आडवी यासाठी, की तोंडाशी बर्फाचा बूच बसत नाही. पहिल्या तासात साधी बाटली संपवायची, दुसऱ्या तासात ही हळूहळू वितळत जाते. त्या दुसऱ्या तासाचा पहिला घोट म्हणजे... जाऊ दे, करून बघा.

खोगीर
पहाटेचं सगळं मान्य, पण तेव्हा हवा दमट असते हे कुणी बोलत नाही. तापमान कमी आणि आर्द्रता सगळ्यात जास्त. घाम अंगावरून टपटप गळत असेल तर त्याचा उपयोग शून्य, तो वाळला तरच अंग थंड होतं. कोरड्या हवेतले 36 अंश मला दमट हवेतल्या 29 पेक्षा सोपे जातात. म्हणून निघताना नुसतं तापमान बघू नका, आर्द्रताही बघा. हँडलवरच्या कॉम्प्युटरचं तापमान तर बघूच नका, तो स्वतःच उन्हात भाजत असतो.

आता माझा आवडता मुद्दा, वारा. उन्हात मागून वारा म्हणजे शिक्षा. तुम्ही 20 ने चाललाय, मागून वाराही 20 चा, म्हणजे अंगाला वारा शून्य. घाम वाळायची सोयच नाही. म्हणून दोन तासांच्या फेरीत मी जाताना, थंड वेळेत, वारा पाठीवर घेतो आणि येताना ऊन चढलं की तोंडावर.

मागचं_चाक
@खोगीर, शास्त्र बरोबर पण नव्या माणसाला हे सांगू नका. दमलेला, पाणी संपलेलं, ऊन वाढलेलं आणि वर समोरून वारा! जाताना वाऱ्याशी भांडावं, येताना त्याने घरी आणून सोडावं, हे जुनं सूत्र मोडण्यासारखं नाही.

खोगीर
येताना इतका दमलेला असेल तर चूक आधीच झालेली असते. पण बरं, मान्य. गोल फेरी मारा म्हणजे वादच नको. आणि गोल नको असेल तर घराभोवती छोट्या फेऱ्या, प्रत्येक फेरीला बाटली भरता येते. कंटाळवाणं आहे, पण चाळीस अंशांत सुरक्षित आहे.

नाडीपरीक्षा
व्यवसायाने डॉक्टर, हौसेने सायकलवाला. पाण्याबद्दल लिहितो, कारण याबाबतीत दोन्ही टोकांची माणसं आजारी पडलेली पाहिली आहेत.

किती प्यावं याचा सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कुणाला दीड. तुमचा आकडा काढणं सोपं आहे. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवा, तासांनी भागा. गेलेलं सगळं वाटेतच भरून काढायचा अट्टहास नको. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटू नये एवढं बघा, आणि ते वाढलेलं तर मुळीच नको. वाढलं याचा अर्थ तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी लक्षणं दिसतात, ती पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो. तिथे जिवावर बेततं.

तासाभराच्या फेरीला साधं पाणी पुरे. दीड-दोन तासांना एका बाटलीत मीठ-साखर असलेलं पेय ठेवा. जर्सीवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे, तुम्ही ते जरूर ठेवा.

आता लक्षणं. भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली, डोकं गरगरलं, मळमळलं, की सावली गाठा. "पुढच्या वळणापर्यंत जातो" नाही. उतरा, हेल्मेट काढा, मानेवर आणि डोक्यावर पाणी ओता. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याचा तोल जायला लागला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. मदतीला फोन करा आणि मदत येईपर्यंत वाट बघत बसू नका, मिळेल त्या गार पाण्याने त्याला भिजवत राहा. शुद्ध धड नसलेल्याला पाणी पाजू नका.

रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, ॲलर्जीची किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर त्यांतली काही उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. उन्हाळ्याच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

उतारप्रेमी
बाटलीतलं पाणी पिण्याइतकंच ओतण्यासाठीही असतं. चढावर वेग आठ-दहा, वारा नाही, तिथे मानेवर दोन धारा सोडल्या की पुढचे दहा मिनिटं माणूस माणसात येतो. साधं पाणी हं! मी एकदा चुकून साखरेची बाटली डोक्यावर उपडी केली. डोक्यावर बर्फ आणि जिभेवर साखर म्हणतात, माझं उलटं झालं. घरी येईपर्यंत मुंग्यांसकट आलो.

घंटी_वाजवा
😂😂

कपड्यांचं राहिलं. पातळ, फिक्या रंगाची, पुढून पूर्ण उघडणारी चेन असलेली जर्सी. चढावर चेन खाली, उतारावर वर. मी पातळ पांढऱ्या बाह्या घालते, उन्हाचा चटका वाचतो आणि ओल्या केल्या की हात गार राहतात. सुती बनियन आत घालू नका, भिजून चिकटून बसतं. हेल्मेटखाली पातळ टोपी किंवा कपाळपट्टी, नाहीतर घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यात उतरतं आणि मग रस्ता दिसत नाही. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, दोन तासांनी पुन्हा. मान, कान आणि गुडघ्याची मागची बाजू सगळे विसरतात.

बिब शॉर्ट्सच्या (खांद्यावर पट्टे आणि बसायला गादी असलेल्या सायकलच्या चड्डीच्या) आत काही घालायचं नाही. घरी आल्या आल्या काढायची, धुवायची. घाम, घर्षण आणि ओलं कापड यांतून बसायच्या जागी जे फोड येतात ते आले की आठवडाभर सायकलकडे नुसतं बघायचं.

रविवारचा_स्वार
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितोय, उत्तरं वाचून गप्प बसलो नव्हतो.

वजन केलं. निघताना 72.0, आल्यावर 70.9, वाटेत पाऊण लिटर प्यायलो होतो. म्हणजे दोन तासांत 1.85 लिटर घाम, तासाला 900 मिलीच्या वर! आणि मी इतके दिवस एक बाटली नेऊन मिरवत होतो. आता दोन नेतो, एक आडवी गोठवलेली. डोकं जड होणं जवळजवळ थांबलंय.

गजर पावणेपाचचा. पहिले चार दिवस स्वतःला शिव्या दिल्या. सरासरी वेगाचा रकाना काढून टाकला. हे सगळ्यात अवघड गेलं, आधी दर पाच मिनिटांनी नजर तिथेच जायची. परवा अर्ध्या वाटेत एका झाडाखाली थांबलो. हिवाळ्यात कधी थांबलो नव्हतो, वेळ जाईल म्हणून. पंधरा मिनिटं बसलो, पक्षी ऐकले, बर्फाळ पाणी प्यायलो. नेहमीच्या चढावर हार्ट रेट आता चारच ठोके जास्त आहे.

वाऱ्याचा प्रयोगही केला, @खोगीर यांच्या पद्धतीने. येताना समोरून वारा घेतला. गार वाटलं हे खरं, पण शेवटचे सात किलोमीटर संपता संपेनात. @मागचं_चाक यांना माझं मत.

एक राहिलं. हेल्मेटच्या पट्ट्या मिठाने कडक झाल्यात आणि आतल्या गाद्यांना वास येतोय. गादी काढून कोमट पाण्यात साबण घालून धुतली तर चालेल ना?

खोगीर
चालेल. वाळवा मात्र सावलीत. आणि माझ्या पद्धतीला एकाच फेरीत नापास करू नका, गोल रस्ता शोधा.